बारशातून पळवलेलं नाव

मळवली,
सोमवार, दुपारचं जेवण उरकून

तीर्थरूप नंदाआत्यांना,

राजेश्वरीचा मळवलीहून वाकून नमस्कार. (खरं तर अर्धाच वाकून, कारण कंबर धरली आहे. ती का धरली ते पुढे येईलच.) तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं, संगमनेरला लेकीकडे पथ्यपाणी व्यवस्थित चाललंय आणि वॉकर बाजूला टाकून तुम्ही काठीवर आलात, हे माझ्या भावजयीकडून, सारिकाकडून कळलं. फार बरं वाटलं. ती काठी मात्र परत येताना टाकून येऊ नका. इकडे तिचं काम आहे, आणि ते काम चालण्याचं नाही.

हे सगळं फोनवरच बोलले असते, पण तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो आणि त्यात तुमच्या चिरंजीवांनी भरलेला रिचार्ज असतो. ज्याच्याविरुद्ध बोलायचं त्याच्याच रिचार्जवर बोलणं माझ्या मनाला पटत नाही. म्हणून पत्र. चिरंजीव म्हणजे कैलास. आत्या, तो तुमच्या पोटचा आहे आणि माझा सख्खा आतेभाऊ आहे, त्यामुळे मी शब्द अगदी जपून वापरणार आहे. तो चोर आहे.

आता मुळापासून सांगते. तुम्ही बारशाला हजर होतात, त्यामुळे निम्मं तुम्हाला ठाऊक आहे, पण तुम्ही पाळण्यापाशी होतात आणि चोरी मांडवात झाली. पुण्याच्या छापखान्यात उभा जन्म दुसऱ्यांच्या पुस्तकांची प्रुफं तपासून, दुसऱ्यांचे ऱ्हस्वदीर्घ सुधारून मी घरी आले आणि मागच्या पडवीत स्वतःचं प्रकाशन काढायचं ठरवलं, तेव्हा गावातलं एक माणूस धड बोललं असेल तर शपथ. मळवलीत लोक बंगल्यावर पार्ट्या करायला येतात, वाचायला कोण येतंय, असं म्हणून झालं. पुस्तकापेक्षा चिक्कीचं दुकान टाक, असं सत्यमने सांगून झालं. (हा माझा पाठचा भाऊ. याला मी कडेवर वाढवलाय.) पण मी हटले नाही. लेखकसुद्धा गावातलाच मिळाला. रेल्वेच्या फाटकावर नोकरी करून रिटायर झालेले आपले भिकाजी. फाटक बंद असताना समोर खोळंबलेली माणसं काय काय बोलतात, कशी भांडतात, कुणाची लग्नं तिथेच जमतात आणि कुणाची तिथेच मोडतात, असं त्यांनी लिहून काढलंय, आणि ते वाचताना मी इतकी हसले की सारिका पाणी घेऊन आली. पुस्तकाचं नाव 'फाटक बंद आहे'. लेखक झाला, पुस्तक झालं. राहिलं प्रकाशनाचं नाव.

उंबरखाचर हे नाव काही मी कुठल्या डिक्शनरीतून काढलेलं नाही, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार? आपल्या घरात प्रत्येक भातखाचराला पोराबाळांसारखं नाव होतं. ओढ्याचं, मधलं, आणि ते एक वाकडं, ज्याला आजोबा 'जावई' म्हणायचे, कारण त्यात कितीही घाला, निघायचं काही नाही. (त्यावरून तुमच्या यजमानांनी दोन दिवाळ्या रुसवा धरला होता, असं आई सांगायची.) पण सगळ्यात गुणाचं ते उंबरखाचर. आईची भाताची आवणी तिथूनच सुरू व्हायची, भाकरी उंबराखाली सुटायची, आणि मी वाचायला शिकले ती त्या बांधावर बसून. तुमच्या भावाने, आबांनी ते विकलं तेव्हा मी पुण्यात होते. मला कळलं कसं? सुट्टीला आले, स्टेशनवरून चालत घराकडे निघाले, आणि बघते तर खाचरात जेसीबी. बांध फोडलेला, उंबर आडवा. सौदा कुणी जमवला? आपल्या कैलासरावांनी, लोणावळ्याच्या सुप्रसिद्ध प्लॉटवाल्यांनी. सातबाऱ्यावर एकट्या आबांचं नाव, त्यामुळे सही एकट्याची पुरली. मी विचारलं तर आबा म्हणाले, तुला काय करायचंय शेत, तू असतीस पुण्याला. अहो, करायचं मला काहीच नव्हतं! पण विचारायचं तरी असतं ना माणसानं? एका शब्दानं? कदाचित मीही 'विका' असंच म्हटलं असतं. पण घरच्या लेकीला विचारावं हे कुणाच्या डोक्यातसुद्धा येऊ नये, हे मला अजून झोंबतं. आबा गेले, आता भांडायचं तरी कुणाशी? हे लिहितानाही डोळ्यांत पाणी आलं, ते पुसून पुढे लिहिते. जमीन गेली ती गेली. म्हटलं, नाव तरी ठेवू. पुस्तकाच्या पहिल्या पानावर ते नाव राहिलं, तर त्याच्यावर जेसीबी कोण घालणार?

(घालणारा निघाला. तेच सांगतेय.)

सारिका, आपल्या सत्यमची बायको, तळेगावच्या कंपनीत कॉम्प्युटरवर असते, म्हणून तिला या गोष्टी कळतात. ती माझ्या कानीकपाळी ओरडत होती की ताई, आधी वेबसाइटचं नाव घेऊन टाका, मग काय तो गाजावाजा करा. वेबसाइटचं नाव म्हणजे इंटरनेटवरचा आपला पत्ता. त्याला सातबारा नाही, फेरफार नाही, तलाठी नाही. जो आधी मागेल त्याचा. मी तिला विचारलं, घेऊन टाका म्हणजे नाव कुठेतरी लिहावं लागेल ना? ती म्हणाली, अर्थात. मग मी म्हटलं, अर्थात नाही. बारशाआधी नाव बाहेर फोडायचं नसतं. सत्यमच्या वेळी आईने सोनाराला चांदीच्या वाटीवर नावसुद्धा घालू दिलं नव्हतं. आधी बाळाच्या कानात, मग जगाच्या, आणि सांगायचं आत्यानं. सारिका म्हणाली, ताई, कॉम्प्युटरला काय कळतंय बारसं? मी म्हटलं, त्याला कळत नसेल तर तो प्रश्न त्याचा आहे, आपल्याला तर कळतं ना? आजही मला सांगा, आत्या, यात माझं काय चुकलं? बारशाआधी नाव जगजाहीर करायची रीत आपल्या अख्ख्या मावळात कुणाच्या घरात आहे?

तर बारसं झालं. माझं लग्न न झाल्यामुळे प्रकाशनाला स्वतःची आत्या असण्याची सोय नव्हती, म्हणून माझीच आत्या बोलावली. पाळण्यात भिकाजींच्या पुस्तकाची कच्ची प्रत, तिला टोपडं, काजळाची तीट, सगळं यथासांग. बायकांनी तिला पाळण्याच्या खालून-वरून फिरवलं. तुम्ही विचारलंत, "अगं, ह्याचा कान कुटं हाय?" मी म्हटलं, पाठीकडे, शिवण असते तिथे सांगा. आता आत्या, तुमच्याबद्दल माझी एका अक्षराची तक्रार नाही. पण तुम्हाला ऐकू कमी येतं, त्यामुळे तुमची कुजबुजसुद्धा चांगली दणदणीत असते. ते नाव पुस्तकाच्या कानात किती गेलं माहीत नाही, पण स्टेशनवर लोकलची वाट बघत बसलेल्या माणसांपर्यंत पोचलं. बायकांनी तुमच्या पाठीत धपाटे घातले (एक-दोन जरा जोरात बसले, त्याबद्दल दिलगीर आहे), घुगऱ्या वाटल्या, मी पदराने डोळे पुसले. आणि मांडवात खुर्चीवर कैलास. एका हातात घुगऱ्यांचा द्रोण, दुसऱ्या हातात मोबाइल, आणि अंगठा चाललेला. मी या डोळ्यांनी बघितलं! मला वाटलं, भावाला कौतुक आहे, स्टेटसला फोटो टाकतोय. मी स्वतः उठून त्याला आणखी घुगऱ्या वाढल्या. वर लिंबू पिळलं!

पाहुणे गेले, भांडी झाली, सारिका कॉम्प्युटर घेऊन बसली आणि म्हणाली, ताई, नाव गेलं. कुठे गेलं, तर कुणीतरी घेतलं. कधी, तर आजच. डॉट कॉम गेलं, डॉट इन गेलं, पुढे आणखी ज्या ज्या शेपट्या असतात त्या सगळ्या गेल्या. माझ्या तोंडचं पाणी पळालं. आधी आम्ही दिल्लीवर संशय घेतला, मग चीनवर. (हसू नका. उंबरखाचर या नावावर चीनचा डोळा असेल, हे मला त्या घटकेला अगदी शक्य वाटत होतं.) सत्यम म्हणाला, दुसरं नाव घे ना, ओढ्याचं घे. मी त्याला म्हटलं, तुझ्या पोराला कुणी पळवलं असतं तर शेजारचं घेतलं असतंस का? त्यावर तो जेवायला बसला.

मग चार दिवसांनी सारिकाने मला हाक मारली आणि पडदा दाखवला. उंबरखाचर डॉट कॉम उघडलं होतं. आणि त्यात काय होतं, आत्या? स्विमिंग पूल. निळाशार. वरून उडत काढलेला व्हिडिओ, बंगल्यांची स्कीम, शनिवार-रविवारचं बुकिंग, खाली लिहिलेलं, 'मातीशी नातं, मुंबईपासून दोन तासांवर'. एका कोपऱ्यात नऊवारी नेसून भात लावणारी बाई, तिच्या पायात चपला! चिखलात चपला घालून आवणी करणारी बाई मी उभ्या आयुष्यात पाहिलेली नाही. तुम्ही पाहिली आहे? आणि सगळ्याच्या खाली संपर्कासाठी फोन नंबर. तो मला तोंडपाठ आहे, कारण तुम्हाला बारशाला आणायचं म्हणून मी कैलासला दिवसातून दहादा लावत होते.

तशीच उठले, लोणावळ्याला गेले. बाजारात चिक्कीच्या दुकानाशेजारी त्याचं ऑफिस आहे, तिथे काचेचं दार, आत गारठा, भिंतीवर अख्ख्या मावळाचा नकाशा आणि त्यात टाचण्या. मला बघून उठला, खुर्ची दिली, चिक्की पुढे केली, सरबत मागवलं. चोर तो चोर, वर पाहुणचार! मी सरळ विचारलं, कैलास, नाव का घेतलंस? तर म्हणतो, "राजू, तू उगा चिडतीस. मी न्हाई घेतलं तर दुसऱ्या कुनीतरी घेतलं असतं. नाव सांभाळलंय मी तुझं." सांभाळलंय! चोराने घरात शिरायचं आणि सांगायचं, मागून दुसरा चोर येऊ नये म्हणून आलोय. मी म्हटलं, मग सांभाळलंस ना, उपकार झाले, दे आता परत. तर मान खाजवायला लागला. म्हणे आता वेबसाइट चालली आहे, बुकिंगं येताहेत. म्हणे पूर्वी गिऱ्हाइकांना ग्रीन हिल, सनसेट पॉइंट असली नावं लागायची, आता त्यांना गावठी नावाचं वेड आहे, आणि उंबरखाचर हे नाव तर लय भारी चालतंय. आणि मग उदार मनाने त्याने तोडगा काढला. त्याच्या वेबसाइटवर खाली डाव्या कोपऱ्यात तो पुस्तकांसाठी एक बटण देईल. बटण! आयत्या बिळात नागोबा शिरला आणि उंदराला म्हणाला, तू अंगणात झोप.

मग मात्र माझा आवाज चढला. इतका, की चिक्कीवाला दारात येऊन उभा राहिला. मी म्हटलं, आधी जमीन विकलीस, आता नाव विकतोस, लाज कशी वाटत नाही तुला? त्या घटकेला तो काय म्हणाला ते मी तुम्हाला जसंच्या तसं लिहिते. तो म्हणाला, "नाव एकट्या तुझं कसं? तुझ्या बापाचं खाचर तसं माझ्या आईचं माहेर. माझा न्हाई व्हय वाटा त्यात?" मी सरबत तसंच ठेवून उठले. (चिक्की पर्समध्ये टाकली होती, ती घरी आल्यावर सापडली. ती मी खाल्ली. शेंगदाण्याचं काय चुकलं होतं?)

दुसऱ्या दिवशी वडगावला यशोधराकडे गेले. ही माझी शाळेतली मैत्रीण, तिथल्या कोर्टात वकिली करते, आणि लहानपणापासून कधी आवाज चढवत नाही, हा तिचा एक दुर्गुण सोडला तर सोन्यासारखी बाई. तिने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि पुस्तकांसाठी हे नाव आपल्या मालकीचं म्हणून नोंदवायचा अर्ज भरून टाकला. मी म्हटलं, झालं, आता त्याची बोलती बंद. तर ती म्हणाली, तसं नसतं, पुस्तकांचा वर्ग वेगळा, हॉटेल-बंगल्यांचा वर्ग वेगळा, तिथे तोही अर्ज करू शकतो. म्हणजे बांध घालून नावाचीही वाटणी! आणि वेबसाइटबद्दल तक्रार करता येते, पण त्यात त्याचा हेतू वाईट होता हे दाखवावं लागतं. मी म्हटलं, एवढंच ना? त्याचा हेतू मी तो चड्डीत होता तेव्हापासून ओळखते, आमच्या दारच्या पेरूवर काठी कोण मारायचं, विचार गावात. यशोधरा म्हणाली, राजू, तक्रारीत पेरू चालत नाहीत. मग मी कैलासचं ते वाट्याचं बोलणं सांगितलं. मला वाटलं, ती हसेल. ती हसली नाही. ती म्हणाली, तो अगदीच खोटं बोलला नाही, नाव नंदाआत्यांच्याही माहेरचं आहे. मी म्हटलं, अगं, म्हणून तर ते सांगायचा मान आत्यांना दिला! टोपडं घातलेल्या पुस्तकाच्या कानात कोण बोललं मग? यशोधराने चष्मा पुसला आणि दुसऱ्या अशिलाला आत बोलावलं.

आता कंबर. सारिकाने बारशाच्या दिवशीच इंटरनेटच्या नकाशावर आपल्या घरावर खूण लावून ठेवली होती, उंबरखाचर, मळवली. तिच्या मते ही तेवढी एकच जागा कैलासच्या हातून सुटली. त्याचा परिणाम असा की, बुकिंग होतं त्याच्या वेबसाइटवर आणि नकाशा माणसं आणून सोडतो माझ्या दारात. गेल्या शनिवारी ठाण्याचं एक अख्खं कुटुंब गाडी भरून आलं. बर्फाची पेटी, स्पीकर, कोळसे, आणि एक पोरगी कमरेला हवा भरलेलं बदक घालूनच गाडीतून उतरली. विचारलं, पूल कुठे आहे? मी म्हटलं, म्हशीचा हौद आहे, मागच्या बाजूला. ते बघायला गेले आणि आनंदाने ओरडायला लागले. फोटो काढले. म्हैस बिचारी बघत राहिली. मी सांगतेय की हे प्रकाशन आहे, पुस्तकांचं, इथे राहायची सोय नाही, तर त्यांना ती इथली थीम वाटली. शेवटी मी चहा केला (दारात आलेल्याला चहा न देता कसं घालवायचं, चोर असो की गिऱ्हाईक), त्यांना कैलासचा पत्ता दिला आणि लवकर जावेत म्हणून ती बर्फाची पेटी स्वतः उचलून गाडीत ठेवायला गेले. तेव्हा कमरेत जी कळ आली ती अजून आहे. इकडे त्यांची आजी पडवीत बाजेवर बसून भिकाजींची प्रुफं वाचत होती, आणि ती काही उठेना. खुदुखुदु हसत होती. सहा पानं राहिली आहेत म्हणाली, तुम्ही पुढे व्हा. गाडी थांबवून ठेवली तिने. आत्या, माझ्या प्रकाशनाचं पहिलं पुस्तक वाचणारी ती पहिली परकी बाई, आणि ती आली होती पूल बघायला! नंतर त्यांनी कैलासच्या वेबसाइटवर अभिप्राय लिहिला. 'चहा उत्तम, म्हैस प्रेमळ, मालकीण तापट, पूल नाही.' यातलं तापट तेवढं खोटं आहे.

पण या हसण्यावारी नेण्याच्या गोष्टीत एक माणूस अडकलाय, आणि त्यानेच माझी झोप उडवली आहे. भिकाजी. पुस्तक छापायला तयार आहे, पण पहिल्या पानावर प्रकाशनाचं नाव, शेवटच्या पानावर वेबसाइट. तो पत्ता तसाच छापला, तर भिकाजींचं पुस्तक मागवायला जाणारा वाचक कैलासच्या पुलात पडणार. पत्ता गाळला, तर पुण्या-मुंबईचं दुकान विचारतं, बाई, तुम्हाला वेबसाइट नाही? आणि नाव बदललं, तर मग हा खटाटोप कशासाठी केला? भिकाजी रोज सकाळी चहाला येतात. त्यांना दम लागतो हल्ली. परवा म्हणाले, "राजूताई, म्या फाटक लावायचो तवा लोकं आयमाय काढायची, पन गाडी येऊन जायाची आन् फाटक उघडायचं. तुमच्या फाटकाला गाडीच दिसंना." आणि मग हळूच म्हणाले की पुस्तक डोळ्यांदेखत झालं तर बरं. मी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.

तर असं सगळं आहे. मी तुमच्याकडे काही मागायला हे पत्र लिहिलेलं नाही. मागणारी मी नव्हेच. फक्त तुमच्या पोटच्या पोराने तुमच्या भावाच्या लेकीशी काय केलं, ते दुसऱ्याच्या तोंडून कळण्याआधी माझ्या तोंडून कळावं, एवढीच इच्छा. तुम्ही त्याला रागवा असंही मी म्हणणार नाही. (रागावलात तर अडवणारही नाही.) गुडघ्याला जपा, जिना टाळा, डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम टीव्ही बघता बघता करू नका, तो अंगी लागत नाही. लेकीला, जावयांना नमस्कार, नातवंडांना गोड पापा.

तुमची भाची,
राजेश्वरी

ता. क. सोबत नव्या आंबेमोहोराची पुरचुंडी पाठवते आहे. आपल्या खाचरातला नाही, तो आता कुठून येणार, विकतचा आहे. पण वास बरा आहे.

ता. क. पुन्हा. पुरचुंडीच्या खाली एक कागद घडी करून ठेवला आहे. घाबरू नका, एका सहीचं काम आहे, आणि तिथे पेन्सिलने फुली केली आहे. झालं काय, कैलासचा सगळा जोर तुमच्यावर आहे. आईचं माहेर, आईचं माहेर. तेव्हा मला वाटलं, तुम्हीच एकदा लिहून दिलंत की या नावाशी तुमचा काही संबंध नाही, की मग त्याच्या वाट्याला उरतं काय? भिकाजींचं पुस्तक महिन्यात निघेल. यशोधराला हा कागद करून दे म्हटलं, तर नाही म्हणाली. का, ते सांगितलं नाही. वकिलांचं काही कळत नाही. मग मीच मजकूर तयार केला. आजोबांच्या पश्चात आबांनी तुमच्याकडून जमिनीचं हक्कसोडपत्र लिहून घेतलं होतं ना, त्याची प्रत पेटीत मिळाली. झकास मसुदा आहे, एक चूक काढायला जागा नाही. जिथे 'उंबरखाचर ही जमीन' होतं तिथे 'उंबरखाचर हे नाव' घातलं, बाकी अक्षर न् अक्षर तेच. 'यावर माझा अगर माझ्या वारसांचा कोणताही हक्क, हितसंबंध उरलेला नाही, व हे मी राजीखुशीने लिहून देत आहे.' त्यातलं 'अगर माझ्या वारसांचा' फार उपयोगाचं आहे. तेवढी सही करून उलट टपाली धाडावी. न वाचता केलीत तरी चालेल, मी दोनदा तपासलं आहे.

ता. क. आणखी एक. रिकाम्या हाताने सही घ्यायची आपल्यात पद्धत नाही, म्हणून साडी घेऊन ठेवते आहे. रंग कळवा. अंजिरी आणत नाही, ती तुम्हाला मागच्या सहीच्या वेळी आबांनी दिली होती.